वय ओळखणारा आवाज

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बॅरी नावाचं शहर आहे. २००५ साली तिथल्या एका किराणा दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लहानसं यंत्र बसवण्यात आलं. दुकानासमोरच्या कठड्यावर संध्याकाळी किशोरवयीन मुलं येऊन बसत. ती सिगारेटी ओढत, दारू पीत, गिऱ्हाइकांना वेडंवाकडं बोलत आणि मधूनच आत घुसून गोंधळ घालत. यंत्र सुरू झालं तशी ती कानांवर हात ठेवून मालकाकडे आली आणि हा आवाज बंद करा म्हणून विनवू लागली. मालकाने त्यांना सांगितलं, की बर्ड फ्लूची साथ आहे, पक्षी जवळ येऊ नयेत म्हणून हे लावलंय. मुलं पांगली. त्याच वेळी दुकानात ये-जा करणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र काहीही ऐकू येत नव्हतं.

या यंत्राचं नाव ‘मॉस्किटो’, म्हणजे डास. ते बनवलं हॉवर्ड स्टेपल्टन यांनी. वेल्समधल्याच मर्थर टिडफिल गावात त्यांचा सुरक्षा-उपकरणांचा व्यवसाय होता. त्यांची किशोरवयीन मुलगी दुकानात गेली असता बाहेर जमलेल्या मुलांनी तिला त्रास दिला, आणि त्यावरून त्यांना लहानपणचा एक अनुभव आठवला. बारा वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर एका कारखान्यात गेले होते. तिथल्या वेल्डिंग यंत्रांचा तीक्ष्ण आवाज त्यांना सहन होईना, पण आजूबाजूच्या मोठ्या माणसांना तो आवाज असल्याचाच पत्ता नव्हता. लहानांना ऐकू येतं आणि मोठ्यांना येत नाही, या निसर्गाने ठेवलेल्या फरकावर त्यांनी यंत्र उभं केलं. त्याची चाचणी त्यांनी आधी घरच्याच मुलांवर घेतली.

हे यंत्र साधारण १७,४०० हर्ट्झचा आवाज तुटक तुटक सोडतं. पियानोची सर्वांत वरची पट्टी ४,१८६ हर्ट्झची असते. तिच्याही वर दोन सप्तकं चढून गेलं, की या आवाजाचा प्रदेश लागतो. पंचविशीच्या आतल्या बहुतेकांना तो ऐकू येतो, त्यापुढच्या बहुतेकांना येत नाही. गेल्या वीस वर्षांत हे यंत्र दुकानांच्या दारांवर, रेल्वे स्थानकांत, उद्यानांत आणि शाळांच्या आवारात लागलं. त्याने कानाच्या विज्ञानाला आणि मुलांच्या हक्कांना एकाच प्रश्नाशी आणून उभं केलं: ज्याचा त्रास आपल्याला होऊच शकत नाही, अशी शिक्षा दुसऱ्याला देण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

कानाचं वय

माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात असं आपण पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं. यातला वरचा आकडा निरोगी कानांच्या लहान मुलांपुरताच खरा आहे.

आपल्या आंतरकर्णात कॉक्लिया नावाची शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात एक लांबट, लवचिक पडदा पसरलेला असतो आणि त्यावर ओळीने रोमपेशी बसलेल्या असतात. आवाज आत आला, की या पडद्यावरून एक लाट धावते. आवाज जितका उंच, तितकी ती लाट तोंडाजवळच्या भागात उसळून विरते. आवाज जितका खर्जातला, तितकी ती आतल्या टोकापर्यंत पोचते. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी ही लाट प्रयोगांनी दाखवून दिली आणि त्यासाठी त्यांना १९६१ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. हार्मोनियमच्या पट्ट्या जशा एका टोकाला खर्ज आणि दुसऱ्या टोकाला तार सप्तक अशा मांडलेल्या असतात, तशीच ही मांडणी आहे.

एका कानात अशा सुमारे पंधरा-सोळा हजार रोमपेशी असतात. जन्माच्या वेळी जी शिल्लक मिळते तीच आयुष्यभर पुरवायची, कारण सस्तन प्राण्यांत मेलेली रोमपेशी पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत उगवते. कोंबडीच्या पिल्लाचा कान आवाजाने दुखावला तरी काही आठवड्यांत नव्या पेशी तयार होतात, हे १९८०च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांच्या लक्षात आलं. आपल्याला ती सोय नाही. त्यातही तार सप्तकाकडच्या, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या पेशी सर्वांत नाजूक असतात आणि ऑक्सिडीकरणाच्या ताणाला त्या आधी बळी पडतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून वयाबरोबर ऐकणं कमी होऊ लागतं ते वरच्या टोकाकडून. ही गळती विशीतच सुरू झालेली असते. बोलणं समजायला लागणारे आवाज बहुतांशी ८,००० हर्ट्झच्या आत असल्यामुळे आपल्याला ती जाणवत नाही. दवाखान्यात होणारी नेहमीची श्रवण-तपासणीही २५० ते ८,००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात होते. त्यामुळे ‘कान उत्तम आहेत’ असा अहवाल हातात असलेल्या पन्नाशीच्या माणसालाही मॉस्किटोचा आवाज ऐकू येणार नाही.

महाराष्ट्रातल्या ज्या घरांत जुने, मागे फुगीर असलेले दूरदर्शन संच होते, त्या घरांत हा फरक रोज दिसत असे. आपल्याकडच्या प्रक्षेपणात पडद्यावर सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्रात ६२५ रेषा असत. त्यांचा गुणाकार १५,६२५. संचातला ट्रान्सफॉर्मर नेमक्या तेवढ्याच हर्ट्झने बारीक शीळ घालत असे. आवाज पूर्ण बंद केलेला असला तरी शेजारच्या खोलीतल्या मुलांना टीव्ही सुरू असल्याचं कळायचं, आणि आजी-आजोबांना ते कसं कळतं याचं नवल वाटायचं.

शास्त्रज्ञांची या फरकाशी ओळख त्याहून बरीच जुनी आहे. इंग्लंडमधले फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७६ साली एक बारीक शिट्टी तयार केली. तिच्यातून माणसाच्या कानापलीकडचे आवाजही निघत. कुत्र्यांना बोलावण्याची आजची मूक शिट्टी तिच्यातूनच आली. गाल्टन यांनी ही शिट्टी हातातल्या काठीच्या टोकाला बसवली आणि प्राणिसंग्रहालयात निरनिराळ्या प्राण्यांच्या कानांजवळ नेऊन वाजवून पाहिली. माणसांवरही प्रयोग केले. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी नोंदवलं आहे, की वय वाढतं तशी उंच स्वर ऐकण्याची शक्ती झपाट्याने घटते, आणि ही गोष्ट सांगितल्यावर वयस्कर मंडळी रागावतात. समोरच्या पोराला जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही, हे मानायला मोठ्या माणसाला तेव्हाही जड जात होतं.

आखूड तरंगाची सोय

मॉस्किटोचा आवाज दुकानदारांना सोयीचा वाटण्याचं आणखी एक कारण भौतिकशास्त्रात आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १७,४०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी त्यामुळे जेमतेम दोन सेंटिमीटर भरते. इतका आखूड तरंग कोपऱ्यावरून फारसा वळत नाही. तो सरळ रेषेत जातो, काच आणि भिंत यांनी अडतो, आणि हवेत लवकर शोषला जातो. ढोलाचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून घरात येतो. हा आवाज थोड्याच अंतरात मावळतो. म्हणून तो नेमका पायरीवर, कठड्यावर किंवा बसथांब्याच्या बाकावर रोखता येतो. आत काचेमागे बसलेल्याला त्याचा उपद्रव नाही, आणि पलीकडच्या इमारतीतून तक्रारही येत नाही.

पण वयाची रेघ इतकी सरळ नसते. १५,००० हर्ट्झच्या पुढे माणसामाणसांतला फरक फार मोठा होतो. तिशीतल्या एखाद्या बाईला हा आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि तिचं डोकं दुखायला लागतं. हेडफोनवर वर्षानुवर्षं मोठ्याने गाणी ऐकलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला तो ऐकू येत नाही. कान मुळातच अधू असलेल्या टवाळखोराला त्याची काही फिकीर नाही. अंगणवाडीच्या वयाच्या मुलाला मात्र तो सर्वांत स्पष्ट ऐकू येतो, आणि त्याने कठड्यावर बसून कुणाला शिव्या दिलेल्या नसतात. यंत्र ज्याला शोधत असतं तो उपद्रवी मुलगा असतो, आणि यंत्राला सापडतो तो तरुण कान. या दोहोंत काहीही संबंध नाही.

भीतीच्या दिवसांत जन्मलेलं यंत्र

हे यंत्र ब्रिटनमध्ये आणि नेमकं २००५ मध्येच का आलं, हे समजायला त्या देशाची तेव्हाची मनःस्थिती पाहावी लागते. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने १९९८च्या कायद्याने समाजाला उपद्रव देणाऱ्यांवर बंधनं घालणारे आदेश काढण्याचा अधिकार न्यायालयांना दिला होता. २००३च्या कायद्याने पोलिसांना ठरावीक भागात दोन किंवा अधिक जणांचा घोळका पांगवण्याचा अधिकार मिळाला. रात्री नऊनंतर मोठं माणूस बरोबर नसलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना घरी पोचवण्याची तरतूदही त्यात होती. २००५च्या मे महिन्यात केंटमधल्या ब्लूवॉटर या प्रचंड खरेदी-संकुलाने डोक्यावर टोपडं ओढलेल्या मुलांना बंदी घातली, आणि सरकारमधल्या लोकांनी तिचं कौतुक केलं. टोपड्याचा सदरा घातलेला पोरगा म्हणजे गुंड, हे समीकरण वर्तमानपत्रांनी पक्कं करून टाकलं होतं.

दुकानदारांची तक्रार खोटी नव्हती, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. दारात दारू पिऊन धिंगाणा घालणारा घोळका असेल तर म्हातारी माणसं दुकानात यायला कचरतात, गल्ल्यावर एकटी बसलेली बाई घाबरते, धंदा बसतो. पोलिसांना फोन केला तर ते येईपर्यंत मुलं पसार होतात आणि गाडी गेली की परत येतात. अशा माणसाला सुमारे पाचशे पौंडांत मिळणारं, बटण दाबताच काम करणारं यंत्र म्हणजे सुटकाच वाटली असेल. २००८च्या सुमाराला इंग्लंडमध्ये अशी साडेतीन हजार यंत्रं वापरात असल्याचं सांगितलं जात होतं. २००६ साली स्टेपल्टन यांना ‘इग नोबेल’ हे हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचं पारितोषिक मिळालं, तेही शांततेसाठीचं.

त्याच वर्षी मुलांनी यंत्राला उत्तर दिलं. कुणीतरी त्याच उंचीचा आवाज फोनच्या रिंगटोनमध्ये घातला. वर्गात फोन वाजायचा, बाकांवरच्या सगळ्यांना कळायचं, फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकांना काही पत्ता नसायचा. ‘टीन बझ’ नावाची ही रिंगटोन ब्रिटनमधून अटलांटिकपलीकडे अमेरिकेतल्या शाळांत पोचली, आणि मग स्टेपल्टन यांच्या कंपनीनेही आपली अधिकृत रिंगटोन बाजारात आणली. हे सगळीकडे गंमत म्हणून छापून आलं. मला त्यात एक गंभीर गोष्ट दिसते. जिथे मोठ्यांचं राज्य चालतं त्या खोलीत मुलांना एक जागा सापडली, जिथे मोठे पोचू शकत नव्हते. आणि ती जागा त्यांना दाखवली होती ती मोठ्यांनी त्यांच्यावर रोखलेल्या आवाजानेच.

इजा होते का?

उत्पादकांचं म्हणणं असं, की हा आवाज त्रासदायक आहे, घातक नाही. यंत्र सुरू केल्यावर काही वेळाने आपोआप बंद होतं, आणि कारखान्यांतल्या आवाजासाठी ठरवलेल्या मर्यादा ते ओलांडत नाही. या युक्तिवादातली कच्ची बाजू समजून घेण्यासारखी आहे.

कारखान्यातल्या मर्यादा मोठ्या कामगारांसाठी ठरवल्या आहेत. ठरावीक तासांची पाळी करणारा, गरज पडली तर कानात बोळे घालणारा, आपल्याला काय ऐकू येतंय हे सांगू शकणारा माणूस त्यांत गृहीत धरलेला आहे. बाबागाडीतलं मूल यातल्या कुठल्याच अटीत बसत नाही. ते रडतं, आणि त्याच्या आईला तो आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते का रडतंय हे तिला कळायला काही मार्ग नसतो. ती कदाचित त्याला तिथेच थांबून, त्या यंत्राखालीच, थोपटत राहते. जर्मनीतल्या कामगार-सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने २००७ मध्ये नेमका हाच धोका पुढे मांडला: तान्ही आणि लहान मुलं या आवाजात बराच वेळ राहू शकतात आणि पालकांच्या ते लक्षातही येणार नाही, म्हणून हे यंत्र पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची आहे. आवाज मोजण्याचे नेहमीचे मीटर ‘ए’ नावाच्या भारणाने आकडा देतात. माणसाच्या कानाला मधले स्वर अधिक जाणवतात म्हणून हे भारण अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी करून धरतं. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची जी मर्यादा आहे आणि गणेशोत्सवात ज्या मापाने डीजेचा आवाज तपासला जातो, ते मापही हेच. असा आकडा कितीही काटेकोर असला तरी त्यावरून १७,४०० हर्ट्झचा टोकदार स्वर बारा वर्षांच्या मुलाला किती बोचतो, हे कळत नाही.

साउदॅम्प्टन विद्यापीठातले ध्वनिशास्त्रज्ञ टिमथी लेटन यांनी २०१६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहून ही उणीव जगासमोर ठेवली. सार्वजनिक जागांमध्ये अतिउच्च आवाज सोडणारी उपकरणं वाढत चालली आहेत, लोक डोकेदुखी, मळमळ, कानात गुणगुण अशा तक्रारी करताहेत, आणि त्यांना तपासायला आपल्याजवळ असलेले निकष जुने आहेत. तेही मुख्यतः कामावरच्या प्रौढ पुरुषांवरच्या मोजक्या निरीक्षणांवर आधारलेले आहेत. मुलांचा विचार त्यांत जवळजवळ नाही. लेटन यांनी कुठल्या एका यंत्रावर आरोप केलेला नाही. ज्या पुराव्याच्या बळावर आपण ‘सुरक्षित आहे’ असं बिनधास्त म्हणतो, तो पुरावा किती तोकडा आहे एवढंच त्यांनी दाखवलं. ‘इजा सिद्ध झालेली नाही’ आणि ‘इजा होत नाही हे सिद्ध झालं आहे’ या दोन वाक्यांतलं अंतर फार मोठं आहे, आणि त्या अंतरात आपण मुलांना उभं केलं आहे.

शिवाय त्रास म्हणजे फक्त कानाची इजा नव्हे. आवाजाबाबत अतिशय संवेदनशील असलेली स्वमग्न मुलं असतात. काहींना आपल्याला काय होतंय हे शब्दांत सांगता येत नाही. ज्या दुकानावरून किंवा स्थानकावरून रोज जावं लागतं तिथे असं मूल अचानक बिथरतं, आणि बरोबरच्या मोठ्या माणसाला समोर कारण दिसतच नाही.

हक्काची बाजू

फेब्रुवारी २००८ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे बाल-आयुक्त सर अल आइन्स्ली-ग्रीन यांनी ‘बझ ऑफ’ नावाची मोहीम सुरू केली. ते स्वतः बालरोगतज्ज्ञ. नागरी हक्कांसाठी काम करणारी ‘लिबर्टी’ ही संस्था त्यांच्याबरोबर होती. त्यांचं म्हणणं साधं होतं: हे यंत्र वागणुकीकडे पाहत नाही, वयाकडे पाहतं. चॉकलेट घ्यायला आलेली मुलगी आणि खिडकी फोडायला आलेला मुलगा त्याच्या लेखी सारखेच. कातडीच्या रंगावरून किंवा धर्मावरून माणसांना वेचून त्रास देणारं यंत्र कुणी बनवलं असतं, तर ते एक दिवसही टिकलं नसतं. वयावरून वेचणारं यंत्र मात्र दुकानात विकत मिळत होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने त्याच वर्षी ब्रिटनला या यंत्रांचा फेरविचार करायला सांगितलं, आणि २०१६ मध्ये सार्वजनिक जागांत त्यांवर बंदी घालण्याची स्पष्ट शिफारस केली. १९८९च्या बालहक्क संहितेत मुलांना शांततेने एकत्र जमण्याचा हक्क आहे, खेळाचा आणि मोकळ्या वेळेचा हक्क आहे. ब्रिटनने ती १९९१ साली आणि भारताने १९९२ साली स्वीकारली. युरोप परिषदेच्या संसदीय सभेने जून २०१० मध्ये सगळ्या सदस्य देशांना या यंत्राच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी घालण्याची शिफारस केली. मुलांना नको असलेल्या पक्ष्यांसारखं किंवा उपद्रवी किड्यांसारखं वागवणं अपमानास्पद आहे, असं त्या सभेने म्हटलं. बॅरीच्या दुकानदाराने मुलांना पक्ष्यांचं कारण सांगितलं होतं. त्या कारणात दडलेलं सत्य सभेने उघड शब्दांत मांडलं.

या शिफारशी बंधनकारक नव्हत्या. ब्रिटनच्या सरकारने देशभर बंदी घातली नाही. पण काही ठिकाणी स्थानिक पातळीवर गोष्टी हलल्या. फ्रान्समध्ये सँ-ब्रियच्या न्यायालयाने २००८ मध्ये घराबाहेर असं यंत्र लावणाऱ्या एका रहिवाशाविरुद्ध निकाल दिला. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या नगर परिषदेने तिथल्या तरुण प्रतिनिधींच्या प्रयत्नांनंतर २०११ मध्ये आपल्या इमारतींवर ही यंत्रं वापरायला मनाई केली. ज्यांना आवाज ऐकू येतो त्यांनाच बोलायला जागा मिळाली, की निर्णय कसा बदलतो याचं हे चांगलं उदाहरण आहे.

इतरत्र यंत्र पसरतच राहिलं. टोकियोच्या आदाची विभागात २००९ मध्ये एका उद्यानात ते बसवण्यात आलं, कारण रात्री जमणारे तरुण तिथल्या वस्तूंची मोडतोड करत होते. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने आपल्या तीसेक उद्यानांत आणि क्रीडा-केंद्रांत ते रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत सुरू ठेवलं. २०१९ मध्ये हा विषय राष्ट्रीय बातम्यांत आला तेव्हा नगर परिषदेच्या सदस्य हेलन गिम यांनी त्याला कडाडून विरोध केला. ज्या जागा मुलांनी यावं म्हणून शहराने बांधल्या, त्याच जागांतून मुलांना आवाजाने हाकलणं हा कसला कारभार, असा त्यांच्या विरोधाचा रोख होता.

हाकलल्यावर कुठे?

या यंत्राला भावंडंही आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका दुकानसाखळीने १९८५ मध्येच दुकानाबाहेर शास्त्रीय संगीत लावून तरुणांना पांगवायला सुरुवात केली. पुढे इंग्लंडमध्ये टाइन अँड वेअर मेट्रोच्या स्थानकांवर तेच झालं. मॅन्सफील्ड गावात २००९ मध्ये रहिवाशांनी गुलाबी दिवे लावले. त्या उजेडात चेहऱ्यावरच्या तारुण्यपीटिका ठळक दिसतात, म्हणून मुलं थांबायला लाजतील असा हिशेब. फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीचमध्ये २०१९ साली बेघरांनी एका सभागृहाजवळ झोपू नये म्हणून रात्रभर बालगीतं वाजवण्यात आली. साधन कुठलंही असो, रीत एकच: समोर जाऊन बोलायचं नाही, नियम लिहायचा नाही, फक्त ती जागा त्या माणसाला असह्य करून टाकायची.

अशा उपायांची मर्यादा उघड आहे. मुलं कठड्यावरून उठतात ती विरघळून जात नाहीत. ती पुढच्या गल्लीत, बंद पडलेल्या गाळ्यामागे, अंधाऱ्या मैदानात जातात. दुकानाच्या उजेडात येणाऱ्या-जाणाऱ्यांची त्यांच्यावर नजर तरी असते. तिथून हललेला घोळका अधिक असुरक्षित जागी पोचतो, आणि त्यात सर्वांत आधी धोक्यात येतात ते त्यांच्यातलेच लहान आणि दुबळे. किशोरवयात एकत्र जमणं ही गरज आहे. घराबाहेर, आई-वडिलांच्या नजरेपलीकडे, पैसे खर्च न करता बसायला जागा हवी असते. आपल्याकडे ते काम कट्ट्यांनी, पारांनी आणि मैदानांनी केलं. ब्रिटनच्या पावसाळी गावांत ते युवा-केंद्रांनी केलं होतं. पण वायएमसीएच्या २०२०च्या अहवालानुसार इंग्लंडमधला युवा-सेवांवरचा सार्वजनिक खर्च त्याआधीच्या दशकात सुमारे ७० टक्क्यांनी घटला. केंद्रं बंद करायची आणि मग मुलं दुकानाच्या पायरीवर का बसतात असं विचारायचं, हा या कहाणीतला सर्वांत दुःखद भाग आहे.

उपाय नाहीत असंही नाही. ब्रिटनमध्येच संध्याकाळी रस्त्यावर जाऊन मुलांच्या घोळक्यांशी बोलणाऱ्या, त्यांना नावाने ओळखणाऱ्या युवा-कार्यकर्त्यांची जुनी परंपरा आहे. काही नगरपालिकांनी मुलांनाच विचारून उद्यानांत छप्पर असलेली बैठक बांधून दिली. जो मुलगा खरोखर धमकावतो, तोडफोड करतो, त्याच्यावर कारवाई करायला कायदा आहेच. या सगळ्याला पाचशे पौंडांच्या यंत्राहून जास्त वेळ, पैसा आणि माणसं लागतात. पण त्यात प्रत्येक मुलाला त्याने जे केलं त्यावरून जोखलं जातं.

मॉस्किटोच्या नव्या आवृत्तीत एक कळ आहे. ती फिरवली की यंत्र ८,००० हर्ट्झवर वाजतं आणि सगळ्या वयांच्या माणसांना ऐकू येतं. माझ्या मते या साऱ्या वादाची कसोटी त्या कळीत आहे. दुकानदाराने, नगरसेवकाने, शाळेच्या व्यवस्थापनाने ती फिरवावी आणि स्वतः त्या आवाजाखाली संध्याकाळभर उभं राहावं. त्यांना तो चालत असेल तर मग मुलांसाठीही विचार करता येईल. नसेल, तर त्यांनी तो मुलांवर सोडू नये. शिक्षा देणाऱ्याला त्या शिक्षेची झळ कळली पाहिजे, ही न्यायाची अगदी प्राथमिक अट आहे. आपल्या रोमपेशी मेल्या आहेत म्हणून ती अट आपल्याला माफ होत नाही. उलट ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यावर जबाबदारी वाढते: ज्याला ऐकू येतं त्याला विचारायचं, आणि त्याने सांगितलं तर विश्वास ठेवायचा. सार्वजनिक जागेत लावायच्या कुठल्याही उपकरणाबद्दल आपल्या नगरपालिकांनी, शाळांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी हा नियम आताच करून ठेवावा. असं उपकरण स्वस्तात दारात येऊन पोचायला फार काळ लागत नाही.